विश्लेषण : कुलपाचे आयुष्य किती आणि गुपिताचे किती?

नवी दिल्ली : इंटरनेटवरील आर्थिक व्यवहार, सरकारी दाखले आणि खासगी संदेश ज्या कुलपांच्या भरवशावर चालतात, त्यांतील बहुसंख्य कुलपांना आता अखेरची तारीख पडली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजेच ‘निस्ट’ने, नोव्हेंबर २०२४ मध्ये एका आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. सध्या सर्वाधिक वापरात असलेली २०४८ बिटांची ‘आरएसए’ पद्धत २०३० नंतर टाळावी आणि २०३५ नंतर तिला पूर्ण मनाई करावी, असे त्यात सुचविण्यात आले आहे. ही मुदत अमेरिकी सरकारी यंत्रणांसाठी असली, तरी जगभरातील ब्राउझर, बँका आणि संगणक कंपन्या याच संस्थेच्या मानकांकडे पाहून चालत असल्याने भारताचीही तिच्यातून सुटका नाही. २०३५ ला अजून अवकाश आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र आज कूटबद्ध करून पाठविलेली माहिती वाटेत कोणी टिपून ठेवली असेल, तर तिच्यापुरती ही मुदत आजपासूनच मोजावी लागते.

हे समजून घेण्यासाठी मुळात हे कुलूप लागते कसे, ते पाहिले पाहिजे. कूटलेखनाचे शास्त्र प्राचीन असले, तरी त्यातील एक अडचण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुटलेली नव्हती. संदेश बंद करणाऱ्याकडे आणि उघडणाऱ्याकडे एकच किल्ली असावी लागे आणि ती किल्ली संदेशाच्या आधी कोणाच्या तरी हाती सुखरूप पोहोचवावी लागे. दूतावासांना आणि लष्कराला त्यासाठी खास माणसे धाडणे परवडत असे. एकमेकांना कधीही न भेटलेले कोट्यवधी ग्राहक आणि दुकानदार यांच्यात अशी देवघेव शक्यच नव्हती.

व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी १९७६ मध्ये या कोड्याचे उत्तर मांडले. पुढच्याच वर्षी रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड एडलमन यांनी त्या कल्पनेला व्यवहारात उतरवणारी पद्धत तयार केली; तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती ‘आरएसए’ म्हणून ओळखली जाते. ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यातील क्लिफर्ड कॉक्स यांना जवळपास हीच पद्धत १९७३ मध्येच सुचली होती. परंतु ती गोपनीय कागदपत्रांत पडून राहिली आणि १९९७ मध्ये जगापुढे आली. गुपिते राखण्याची पद्धतच सुमारे पाव शतक गुपित राहावी, हा एक योगायोगच म्हणायचा.

या पद्धतीत प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते. एक किल्ली सार्वजनिक, ती वाटेल त्याला द्यावी. दुसरी खासगी, ती कोणालाही देऊ नये. रस्त्यावरच्या टपालपेटीत कोणीही पत्र टाकू शकतो, पण ते बाहेर काढायचे तर पेटीची किल्ली बाळगणारा टपाल खात्याचा माणूसच लागतो. सार्वजनिक किल्लीचे काम त्या पेटीच्या फटीसारखे आहे. तिने बंद केलेला मजकूर तीच किल्ली वापरून उघडत नाही. त्याला जोडीतली खासगी किल्लीच लागते.

दोन किल्ल्यांचे परस्परांशी नाते असूनही एकीवरून दुसरी का काढता येत नाही, याचे उत्तर शालेय गणितात आहे. ८९ आणि ९७ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार कागदावर अर्ध्या मिनिटात होतो, उत्तर ८,६३३. मात्र केवळ ८,६३३ ही संख्या हाती देऊन तिचे अवयव पाडायला सांगितले, तर दोन, तीन, पाच, सात असे करीत ८९ पर्यंत भाग देऊन पाहण्यात बराच वेळ जातो. आरएसएमध्ये गुणाकार सार्वजनिक किल्लीत असतो आणि त्याचे अवयव ज्याला ठाऊक, त्यालाच खासगी किल्ली मिळते. प्रत्यक्ष वापरातील २०४८ बिटांची संख्या दशमान पद्धतीत लिहिल्यास ६१७ अंकी होते. तिचे अवयव पाडण्याची आजच्या संगणकांना पेलणारी रीत कोणालाही सापडलेली नाही.

येथे एक गल्लत नेहमी होते. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे ओळखणे आणि संख्येचे अवयव शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. कानपूरच्या आयआयटीतील मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ऑगस्ट २००२ मध्ये पहिल्या कामासाठी निश्चित आणि कार्यक्षम अशी रीत शोधून जगभरातील गणितज्ञांची वाहवा मिळविली, तेव्हा आता बँकांची कुलपे उघडणार, अशी शंका अनेकांच्या मनात आली होती. तसे काही झाले नाही. मूळ संख्या ओळखणे सोपे असल्याखेरीज किल्ल्या तयारच करता येणार नाहीत. कुलपाची भिस्त दुसऱ्या कामाच्या अवघडपणावर आहे.

प्रत्यक्ष व्यवहारात सगळा मजकूर सार्वजनिक किल्लीने बंद केला जात नाही, कारण हे गणित संथ आहे. बँकेचे संकेतस्थळ उघडताच दोन्ही बाजूंचे संगणक त्या एका भेटीपुरती साधी, दोघांना समाईक अशी किल्ली ठरवतात आणि पुढचा सर्व संवाद तिनेच बंद होतो. सार्वजनिक किल्लीचे काम ती समाईक किल्ली अनोळखी वाटेवरून सुखरूप ठरविण्यापुरते असते. समाईक किल्लीची ‘एईएस’ ही पद्धत भावी क्वांटम संगणकापुढेही बऱ्यापैकी टिकेल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे तिजोरी मजबूत आहे. तिची किल्ली ज्या लखोट्यातून पोहोचते, त्या लखोट्याची चिंता आहे.

ही चिंता नवी असली, तरी ‘फुटणार नाही’ असे वाटलेले कुलूप फुटल्याचा अनुभव जुना आहे. अवयव पाडणे कायमच अवघड राहील, हे गणिताने सिद्ध केलेले नाही. आजवर कोणाला सोपी रीत सापडलेली नाही, एवढेच खात्रीने म्हणता येते. आरएसएच्या जनकांनी १९७७ मध्ये १२९ अंकी संख्येचे कोडे जाहीर केले होते आणि ते सुटायला विश्वाच्या वयाहून कितीतरी अधिक काळ लागेल, असा तेव्हाचा हिशेब होता. अवघ्या १७ वर्षांत, एप्रिल १९९४ मध्ये, इंटरनेटवरून एकत्र आलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी जवळपास १,६०० संगणक कामाला लावून ते सोडविले. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी संख्याही फुटली. त्यासाठी एका संगणकीय गाभ्याला सुमारे २,७०० वर्षे पुरेल इतके काम अनेक यंत्रांवर वाटून करावे लागले. २५० अंकांपासून ६१७ अंकांपर्यंतचे अंतर नेहमीच्या संगणकांसाठी अजूनही अफाट आहे.

क्वांटम संगणकासाठी मात्र ते तसे नाही. ज्या १९९४ साली १२९ अंकी कोडे सुटले, त्याच वर्षी पीटर शोर या अमेरिकी गणितज्ञाने असे यंत्र उभे राहिल्यास मोठ्या संख्यांचे अवयव झटपट पाडता येतील, हे दाखवून दिले. मोबाइल फोनपासून बँकांपर्यंत सर्वत्र वापरात असलेली ‘इलिप्टिक कर्व्ह’ ही दुसरी पद्धतही त्याच रीतीने मोडते. तसे यंत्र आज अस्तित्वात नाही. आयबीएमने डिसेंबर २०२३ मध्ये सादर केलेल्या ‘काँडर’ या चिपमध्ये १,१२१ क्युबिट होते आणि क्युबिट अत्यंत चुका करणारे असतात. परंतु गरजेचा अंदाजही झपाट्याने खाली येत आहे. २०४८ बिटांची आरएसए आठ तासांत फोडायला सुमारे दोन कोटी क्युबिट लागतील, असा हिशेब क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी २०१९ मध्ये मांडला होता. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच नवा हिशेब दिला : दहा लाखांहून कमी क्युबिट आणि एका आठवड्याहून कमी वेळ. सहा वर्षांत यंत्रे सुधारली त्याहून अधिक वेगाने गणित सुधारले, ही या घडामोडीतील लक्षात घेण्याजोगी बाब आहे. त्यामुळे ‘यंत्र कधी येणार’ याविषयीच्या भाकितांवर फार विसंबून चालत नाही.

धोरणाच्या दृष्टीने अधिक उपयोगी पडतो तो कॅनडातील संशोधक मिशेल मोस्का यांचा साधा हिशेब. माहिती किती वर्षे गुप्त राहायला हवी, हा पहिला आकडा. नव्या कुलपांकडे वळायला किती वर्षे लागतील, हा दुसरा. दोहोंची बेरीज क्वांटम यंत्र येईपर्यंतच्या वर्षांहून अधिक भरली, तर उशीर झालेलाच आहे. कारण शत्रूला आज काही फोडण्याची गरज नाही. वाहत्या माहितीची कूटबद्ध प्रत साठवून ठेवली की पुरे. वाचन नंतर करता येते. साठवणूक स्वस्त आहे आणि आपल्या माहितीची अशी नोंद झाली, हे ज्याची माहिती आहे त्याला कळण्याचा कोणताच मार्ग नाही.

या हिशेबात सर्व माहिती सारखी नाही. बँकेचा ओटीपी काही मिनिटांत निरुपयोगी होतो. तो २०४० मध्ये वाचला गेला तरी कोणाचे बिघडत नाही. कार्डाचा क्रमांक बदलता येतो. आजाराची नोंद, संरक्षण खात्याचा पत्रव्यवहार, न्यायालयातील बंद लखोटा यांची गोपनीयता दशकांची असते. बोटाचे ठसे तर आयुष्यभर बदलत नाहीत, आणि भारताचा प्रश्न नेमका येथे इतर देशांहून वेगळा होतो.

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक विनिर्देशांनुसार, आधार पडताळणीच्या वेळी घेतलेला ठसा २५६ बिटांच्या समाईक किल्लीने बंद केला जातो आणि ती किल्ली प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या सार्वजनिक किल्लीने. पहिले कुलूप भक्कम आहे. दुसऱ्याची मुदत ठरत आली आहे. रेशन दुकानात विशीतल्या तरुणाने आज दिलेला ठसा त्याच्या साठीतही तोच असणार. तो वाहून नेणारी माहिती वाटेत कोणी टिपली आणि सर्व आवरणांसह जपून ठेवली, तर तिला आणखी चाळीस वर्षे मोल राहील. अशी टिपणी झाली आहे, असे म्हणण्यास आधार नाही. मात्र संकेतशब्द फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. म्हणून या माहितीचे कुलूप बदलण्याला इतर कामांच्या आधी स्थान मिळणे गरजेचे आहे.

किल्ल्यांची हीच जोडी उलट्या क्रमाने वापरली की डिजिटल स्वाक्षरी होते. खासगी किल्लीने केलेली सही कोणीही सार्वजनिक किल्लीने तपासून पाहू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि अशा सहीला भारतात कायद्याची मान्यता मिळाली. कंपन्यांची विवरणपत्रे, ई-निविदा, डिजिलॉकरमधील गुणपत्रिका या सर्वांचा आधार हीच सही आहे. महाराष्ट्रात तलाठ्याच्या सही-शिक्क्याची जागा डिजिटल स्वाक्षरीने घेतलेला सातबारा उतारा शेतकऱ्याला घरबसल्या मिळतो.

सहीच्या बाबतीत ‘आज टिपा, उद्या वाचा’ हा धोका नाही, कारण सहीत लपविण्यासारखे काही नसते. धोका वेगळा आहे. सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली काढता येऊ लागली की, जुन्या अधिकाऱ्याच्या नावाने, जुन्या तारखेचा, तपासणीत अस्सल ठरेल असा दस्त तयार करता येईल. जमिनीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, हे वेगळे सांगायला नको. त्यावर उपाय आहे : जुनी सही विश्वासार्ह असेपर्यंत त्या दस्तांवर नव्या पद्धतीची वेळनोंदणीसह मोहर उमटवून ठेवणे. हे काम मुदतीच्या आधी झाले तरच उपयोगाचे. नंतर अस्सल आणि बनावट यांत फरक करता येणार नाही.

गणिताची ही चर्चा चालू असताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. आजवर भारतात हे कुलूप डगमगले ते गणितामुळे नव्हे. एखादी सार्वजनिक किल्ली अमुक संस्थेचीच आहे, याची ग्वाही कोणीतरी द्यावी लागते आणि ते काम प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था करतात. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगल आणि याहूच्या संकेतस्थळांच्या नावाने अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. ज्याच्या हाती अशी प्रमाणपत्रे असतील, तो वाटेत बसून स्वतःलाच गूगल म्हणून सादर करू शकतो आणि ब्राउझरला संशयही येत नाही. भारताच्या प्रमाणन नियंत्रकांनी एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. मायक्रोसॉफ्टने अनधिकृत प्रमाणपत्रे बाद केली आणि गूगलने भारतीय प्रमाणन साखळीवरचा आपला विश्वास मोजक्या भारतीय संकेतस्थळांपुरता मर्यादित केला. त्या वेळी कोणाही गणितज्ञाने एकाही संख्येचे अवयव पाडले नव्हते. भारतीय नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र मानणारा स्वदेशी ब्राउझर तयार करण्याची स्पर्धा केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केली, तिच्यामागे या विश्वासाचा प्रश्न होताच.

त्याहून साधा धोका तर अनेक कार्यालयांच्या खणात सापडतो. संचालकांच्या डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल सनदी लेखापालाकडे आणि त्याचा पिन डोंगलला चिकटवलेल्या कागदावर, ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. खासगी किल्ली दुसऱ्याच्या हाती असेल, तर ती २०४८ बिटांची आहे की त्याच्या दुप्पट, याने फरक पडत नाही.

पर्यायी कुलपे तयार झाली आहेत. आठ वर्षांच्या खुल्या स्पर्धेनंतर निस्टने १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन मानके जाहीर केली. त्यांपैकी ‘एमएल-केईएम’ किल्ली ठरविण्यासाठी, तर ‘एमएल-डीएसए’ आणि ‘एसएलएच-डीएसए’ सहीसाठी आहेत. पहिली दोन ‘लॅटिस’वर, म्हणजे शेकडो मितींमधील जाळीसारख्या बिंदुरचनेवर, आधारलेली आहेत, त्या जाळीतील विशिष्ट बिंदू शोधणे क्वांटम यंत्रालाही जड जाईल, असे मानले जाते. ‘मानले जाते’ हे शब्द येथेही तितकेच महत्त्वाचे आहेत. याच स्पर्धेतील ‘साइक’ ही पद्धत चौथ्या फेरीपर्यंत पोहोचली होती आणि २०२२ मध्ये बेल्जियममधील दोन संशोधकांनी साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर सुमारे तासाभरात ती मोडून दाखविली. म्हणूनच क्रोम ब्राउझर आणि सिग्नल यांसारख्या सेवांनी जुने काढून नवे न बसवता दोन्ही कुलपे एकावर एक लावली आहेत. एक निघाले तरी दुसरे राहते.

याचा अर्थ असा की, अद्ययावत फोन वापरणाऱ्या अनेकांचा काही संवाद त्यांच्या नकळत नव्या कुलपाखाली गेलेलाही आहे. सरकारी यंत्रणांचे काम इतके अलगद होणार नाही आणि त्याचे एक कारण आकारात दडले आहे. आरएसएची २०४८ बिटांची सही २५६ बाइटांत मावते. एमएल-डीएसएची सर्वांत लहान सही २,४२० बाइटांची आणि मधल्या स्तराची ३,३०९ बाइटांची आहे. आधारपत्रावरच्या सुरक्षित क्यूआर कोडमध्ये नाव, पत्ता, छायाचित्र आणि त्यांवरील २५६ बाइटांची सही असते, म्हणून इंटरनेट नसतानाही तो तपासता येतो. मोठ्यात मोठ्या क्यूआर कोडची क्षमता २,९५३ बाइट आहे. मधल्या स्तराची सही त्यात मावतच नाही. लहान सही बसवली तर नाव, पत्ता आणि चेहरा यांच्यासाठी जेमतेम पाचशे बाइट उरतात. ‘फाल्कन’ नावाच्या पद्धतीची सही ६६६ बाइटांची आहे, पण २०२४ च्या पहिल्या तीन मानकांत तिचा समावेश झाला नव्हता. कोट्यवधी छापील कार्डांवरचा तो चौकोन बदलायचा म्हणजे कार्डे, ती वाचणारी यंत्रे आणि तपासणारी सॉफ्टवेअर हे सारे बदलणे आले.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यात क्वांटम संगणकांच्या उभारणीबरोबरच प्रकाशकणांच्या साह्याने किल्ल्या पोहोचविण्याच्या तंत्रावर भर आहे. हे तंत्र संरक्षण खात्याच्या दोन ठाण्यांमध्ये उपयोगी पडू शकते. त्यासाठी विशेष उपकरणे आणि तशी तार किंवा उपग्रह लागतो. रेशन दुकानातील ठसे घेणाऱ्या यंत्राला किंवा सातबाऱ्यावरच्या सहीला त्याचा उपयोग नाही. तेथे सॉफ्टवेअरमधील कुलूपच बदलावे लागेल आणि त्यासाठी कोणत्या विभागात कोणती किल्ली कोठे बसवलेली आहे, याची यादी आधी हवी.

कूटलेखनाच्या पद्धती ठरवून देण्याचा अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८४-अ ने केंद्राला दिलेला आहे. त्याखाली सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय धोरणाचा मसुदा निघाला होता. नागरिकांनी आपले संदेश उघड्या स्वरूपात ९० दिवस जपून ठेवावेत, असे त्यात म्हटले होते. टीकेची झोड उठताच तो लगोलग मागे घेण्यात आला. तेव्हा प्रश्न कुलूप उघडण्याचा अधिकार कोणाला, हा होता. आता त्याच कलमाखाली कुलूप बदलण्याचे वेळापत्रक आखायचे आहे, आणि २०३० पर्यंतच्या उरलेल्या वर्षांत पहिल्यांदा बदलायच्या कुलपांमध्ये बोटांच्या ठशांचे कुलूप कितव्या क्रमांकावर असेल, हे त्या वेळापत्रकातच ठरणार आहे.